वाचलेला मुलगा

फोन आला तेव्हा वीबे एका बाईला समजावत होता, की गादी लाकडाच्या कंटेनरमध्ये टाकायची नाही, पलीकडच्यात टाकायची. बाई ऐकायला तयार नव्हती. आत लाकडाची चौकट आहे, स्प्रिंगा आहेत, म्हणजे ही नुसती गादी नव्हे, असं तिचं म्हणणं होतं. खिशात फोन थरथरत राहिला. लेवार्डन नगरपालिकेच्या या कचऱ्याच्या आवारात फेब्रुवारीतला वारा चारी बाजूंनी येतो, त्यामुळे फोनवर बोलायचं तर काचेच्या टपरीत शिरावं लागतं. तो शिरला. फोन शाळेतल्या इल्सेबाईंचा होता. दर वर्षी याच सुमाराला यायचा. दर वर्षी वीबेला तो उचलावासा वाटायचा नाही, आणि तरी फोनची वेळ झाली की निळं जाकीट धुऊन खुर्चीच्या पाठीवर तयार असायचं. या वर्षीही होतं.

"अहो वीबे, कामात नाही ना?"

"नाही नाही. बोला."

"या वर्षीचं सांगायचं होतं. आम्ही जरा बदल केलाय. मुलांनी आपला हिरो आपणच निवडायचा, माहिती आपणच शोधायची, पोस्टर करून सगळ्यांना सांगायचं. त्यामुळे तुम्ही यायची गरज नाही." ती थोडं हसली. "म्हणजे तुम्हाला सुट्टी."

"बरं," वीबे म्हणाला.

"इतकी वर्षं आलात तुम्ही. तुम्हालाही त्रासच होत असेल ना, दर वेळी तेच ते सांगायचं."

"छे, त्रास कसला."

फोन बंद झाल्यावर तो टपरीतच उभा राहिला. बाहेर बाईने गादी लाकडातच ढकलली होती आणि ती गाडीचं दार लावून निघून चालली होती. हेंक, त्याचा जोडीदार, हात चोळत आत आला आणि थर्मासमधली कॉफी ओतताना त्याच्याकडे बघून म्हणाला, "कोण गेलं रे?"

"कोणी नाही."

"तोंड तर तसंच झालंय."

वीबेने मान हलवली. कोणी गेलं नव्हतं हे खरंच होतं. जिच्याकडे तो दर रविवारी जायचा ती बोस्माबाई नोव्हेंबरात गेली होती, तेव्हा तो दफनाला जाऊनही आला होता, आणि तेव्हा त्याला असं काही झालं नव्हतं. आता मात्र आतून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. दात काढल्यावर जीभ पुनःपुन्हा त्या खड्ड्यात जाते, तसं त्याचं मन त्या एका शब्दाकडे जात होतं. सुट्टी. शाळेत बाई मुलांना देतात तशी. या सुट्टीसाठी त्याने किती वर्षं देवाचा धावा केला होता, देव मानत नसूनही. आठ-नऊ वर्षांची ती मुलं अर्धवर्तुळात बसायची, त्याला बसायला त्यांच्याच मापाची खुर्ची मिळायची, त्यामुळे गुडघे हनुवटीपर्यंत यायचे. त्याआधी मुलं पुलावर जाऊन आलेली असायची. गाल लाल, नाकं वाहणारी. पितळी पाटीवरची अक्षरं त्यांनी वह्यांत उतरवलेली असायची: यान्नेस बोस्मा, बसचालक, ज्याने एका मुलासाठी प्राण दिले. 'आपल्या गावचा वीर' असं त्या पाठाचं नाव होतं. आणि मग तो एक मुलगा आत यायचा, टक्कल पडत चाललेला, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा, आणि मुलांच्या चेहऱ्यांवर दर वर्षी तेच व्हायचं. ती त्याच्या मागे दाराकडे बघायची. अजून कोणी येणार असेल म्हणून.

लहानपणीचा तो जानेवारी त्याला मुलांना सांगायचा तसा आठवत नव्हता. सांगायचा ती गोष्ट होती, आठवायचं ते वेगळंच काहीतरी होतं. कालवा गोठला होता. पुलाखाली बर्फ कायम पातळ असतो हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं, तोही जाणत होता. का गेलात, असं मुलं विचारायची; टोपी उडाली म्हणून, असं तो सांगायचा. टोपी डोक्यावरच होती. त्याला पलीकडे जायचं होतं, बस, आणि पूल समोर असताना तो पुलावरून गेला नाही. पुढचं पाणी त्याला आठवत नाही, नुसता एक आवाज आठवतो, स्वतःचाच, कुत्र्यासारखा. मग पालथा पडून सरपटत येणारा एक निळा गणवेश. मग बर्फ पुन्हा फुटला आणि गणवेशही खाली गेला. आणि मग खालून एक हात, त्याच्या ढुंगणाला लावलेला, वर रेटणारा, पोतं माळ्यावर चढवतात तसा. बोस्मा काय म्हणाला, हा मुलांचा सगळ्यात आवडता प्रश्न असायचा. 'घाबरू नकोस, बाळा', असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. ते त्याच्या आईने बातमीदाराला सांगितलं होतं, आणि आई तिथे नव्हती. बोस्मा म्हणाला होता, "पाय मार की गाढवा." एवढंच. तोंडात पाणी जात असताना, प्रचंड रागाने. पुलावर बस उभी होती, दार उघडं, आतला हीटर चालू, आणि बाजार करून निघालेल्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन चालक परत यायची वाट बघत बसल्या होत्या. त्यांतली एक नंतर म्हणे तक्रार करत होती की उशीर झाला. बोस्मा संध्याकाळी सापडला, पुढच्या वळणावर. ती शिवी वीबेने कधी कोणाला सांगितली नाही. त्या सगळ्या प्रकारात तेवढीच एक गोष्ट त्याची होती. तो माणूस त्याला वीर वगैरे कधीच वाटला नाही. त्याला तो रागावलेला वाटला, आणि तो राग अजून संपलेला नाही असंच वाटत आलं.

"एका माणसाने तुझ्यासाठी किंमत मोजली आहे," आई म्हणायची. भाजी नीट खाल्ली नाही तरी, गणितात गुण कमी पडले तरी. बाप नुसता बघायचा. दर रविवारी चर्चनंतर आई त्याचे केस पाण्याने चापून बसवायची आणि हातात केकचा डबा देऊन त्याला बोस्माबाईकडे, यान्नेसच्या विधवेकडे, पाठवायची. बोस्माबाई दार उघडून म्हणायची, "ये रे, वीबे. बस." सफरचंदाचा रस, बिस्किटं. भिंतीवर गणवेशातला फोटो, आणि फोटोखालची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीत कोणी बसायचं नाही, म्हणून तो सोफ्याच्या कडेवर बसायचा. समोर निन्के, त्यांची मुलगी, त्याच्याच वर्गातली, गुडघे पोटाशी घेऊन त्याच्याकडे बघत राहायची. "मग, नवीन काय?" बोस्माबाई विचारायची. काहीच नवीन नसायचं. तो साधा मुलगा होता. धावण्यात मधला, वाचण्यात मधला, चित्रं बरी काढायचा पण माणसांचे हात जमायचे नाहीत. दर रविवारी त्या बाईसमोर काहीतरी मांडायला हवं, हे त्याला लवकरच कळलं, आणि तो मांडू लागला, खरं नसलं तरी. शाळेत बाईंनी शाबासकी दिली. पोहण्याचं प्रमाणपत्र मिळवलं. पुढे पुढे, बढती मिळणार आहे. एक अभ्यासक्रम करतोय, संध्याकाळचा. बोस्माबाई मान हलवायची आणि म्हणायची, "वा. यान्नेसला आवडलं असतं." आणि तो घरी येऊन संडासात दार लावून बसायचा. निन्के सोळा वर्षांची असताना एकदा त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. आईने सांगितलं म्हणून. फाटकाशी थांबून ती अगदी हळू, भांडण नसल्यासारखं म्हणाली, "तू निदान काहीतरी हो ना. डॉक्टर हो. आगीच्या बंबावर जा. नाहीतर मग कशाला?" आगीच्या बंबासाठी त्याने पुढे अर्जही केला, पण पाण्याच्या चाचणीत डोकं पाण्याखाली जाताच त्याच्या तोंडून तो कुत्र्याचा आवाज आला, आणि परीक्षकाने खांद्यावर टॉवेल टाकून त्याला बाहेर नेलं.

सॅन्ड्रा त्याच्याबरोबर सात-आठ वर्षं राहिली. चांगली होती. जाताना तिने आदळआपट केली नाही. "तू उसन्या सायकलवर बसल्यासारखा जगतोस," ती म्हणाली होती, कपड्यांच्या घड्या घालताघालता. "जोरात चालवायची भीती, कुठे टेकवून ठेवायची भीती. मूलसुद्धा नको म्हणालास. मला कंटाळा आला रे." तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं." "बघ," सॅन्ड्रा म्हणाली, "यावरसुद्धा भांडत नाहीस." तिच्या गाडीत खोकी त्यानेच नीट लावून दिली.

आणि तरी फेब्रुवारीतला तो एक दिवस होता. तो दिवस त्याला छळायचा, आणि तेवढ्या दिवसापुरतं त्याच्या असण्याला कारण असायचं. त्याच्याशिवाय ती गोष्ट सांगणारं कोणी नव्हतं. मागे एकदा एका मुलीने बोट वर करून विचारलं होतं, "मग मोठेपणी तुम्ही काय केलंत?" "नगरपालिकेत आहे," तो म्हणाला होता. मुलीने ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि अजून काही येईल म्हणून पेन्सिल धरून बसली. तिची ती वर धरलेली पेन्सिल त्याला कित्येक महिने दिसत राहिली. पण निदान कोणीतरी विचारलं होतं. आता कोणी विचारणार नव्हतं.

मुलांची पोस्टरं पालकांना दाखवायचा दिवस गुरुवार होता. नगरपालिकेच्या पत्रकात आलं होतं. वीबेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कशाला, हे त्याने हेंकला सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नाही. कोणीतरी बोस्माला निवडलं असेल. एवढ्या मुलांत एखादं तरी. पूल तर रोजच्या वाटेवर आहे. निळं जाकीट घालून तो शाळेच्या सभागृहात शिरला तेव्हा आत उकडत होतं, ओल्या कोटांचा आणि ताज्या वॅफलांचा वास होता, आणि पालक पोरांच्या उंचीवर वाकून वाकून बघत होते. तो भिंतीकडेने फिरू लागला. एक फुटबॉलपटू, मग दुसरा, मग पहिलाच पुन्हा. कॉम्प्युटरवर खेळ खेळून दाखवणारा एक पोरगेला माणूस. सुरुंग हुंगून काढणारं कुत्रं. कोणाची आजी, कारण ती पॅनकेक करते आणि कधी ओरडत नाही. कोणाची सीरियातून चालत आलेली आई; पोस्टरजवळ ती आई स्वतःच लाजून उभी होती. एक दाताची डॉक्टर. वीबे प्रत्येकासमोर थांबला, प्रत्येकाचं थोडं थोडं वाचलं, आणि जसजशी भिंत संपत आली तसतसा सावकाश चालू लागला. कोपऱ्यावर पोचला तेव्हा बोस्मा कुठेच नव्हता.

"अहो वीबे, तुम्ही?" इल्सेबाई हातात कागदी ताटल्या घेऊन समोर आली. तिचा चेहरा लाल झाला. "छान झालं आलात. वॅफल घ्या ना."

"सहज आलो," तो म्हणाला. "इथून चाललो होतो."

"हो हो. बघा ना." आणि मग इल्सेबाई त्याच्या खांद्यावरून कोणाकडे तरी बघून घाईने बाजूला झाली.

मागे निन्के उभी होती. दफनाच्या दिवशी तिने त्याच्याशी हात मिळवला होता, रांगेतल्या सगळ्यांशी मिळवला तसा. आता तिने डोक्याने दाराकडे खूण केली, आणि तो तिच्या मागून मधल्या बोळात गेला. तिथे मुलांचे कोट खुंट्यांना लटकत होते, प्रत्येक खुंटीवर नावाची चिठ्ठी.

"तू इथे कशाला आलास?" ती म्हणाली.

"मला वाटलं, कोणी तुझ्या बाबांचं..."

"कोणी नाही केलं. माझी नात आहे या वर्गात. मारिट. मी इल्सेला भेटले होते सप्टेंबरातच, आई आजारी होती तेव्हा. आई आहे तोवर काही बोलू नका म्हटलं. नंतर बंद करा."

"तू बंद केलंस."

"हो. मारिटला यातलं काही माहीत नाही. माझ्या मुलीलाही मी फारसं सांगितलं नाही कधी. त्या पोरीने तुझ्यासमोर मांडी घालून बसायचं आणि तू सांगायचंस, हे मला बघवलं नसतं. मी बसलेय तशी. पुरे झालं." ती रागावली नव्हती. दमलेली दिसत होती. केस पूर्ण पांढरे झाले होते आणि डोळे फोटोतल्या माणसासारखे होते, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. "आणि म्हटलं, तुझीही सुटका होईल."

वीबे एका लाल कोटाची बाही बघत राहिला. मग म्हणाला, "रविवारी यायचो मी. तिला बरं वाटायचं ना?"

निन्केने एका खुंटीवरची चिठ्ठी सरळ केली. "तू गेलास की ती पडदे ओढून घ्यायची," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत. जेवायची नाही. मी लहान होते तेव्हा मीच ब्रेडला लोणी लावून द्यायचे तिला. पुढेही तसंच. अगदी परवापरवापर्यंत."

"मग सांगितलं का नाही कोणी?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. तो पोरगा एवढा येतो, त्याला बरं वाटतं, येऊ दे, म्हणायची."

"मी तिच्यासाठी जायचो," वीबे म्हणाला.

"माहीत आहे," निन्के म्हणाली. "मला तेव्हाही माहीत होतं."

बोळात एक बाप धाकट्याला संडासला घेऊन गेला. दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले, त्याला जागा दिली. वीबेला ते सगळे रविवार दिसत होते, एकामागून एक, केकच्या डब्यासकट, आणि प्रत्येकाच्या शेवटी ओढलेले पडदे. रागावावं असं त्याला वाटलं. कोणावर, ते सापडेना. त्या बाईने त्याला जे दिलं ते त्याने नाइलाजाने घेतलं होतं, त्याने जे दिलं ते तिने नाइलाजाने घेतलं होतं, आणि दोघांनी एकमेकांचे आभार मानले होते, आयुष्यभर.

"आजी." एक मुलगी दारातून धावत आली. किरकोळ, मोठ्या कानांची, अंगावर पोहण्याचं चित्र असलेला शर्ट. "आजी, माझा नंबर आला. चल ना. बाई थांबल्यात." मग तिने वीबेकडे बघितलं. "हे कोण?"

निन्केने श्वास घेतला. वीबे वाट बघत होता. एवढ्या वर्षांत त्याची ओळख एकाच प्रकारे करून दिली गेली होती. पुढचे शब्द तो झोपेतही म्हणू शकला असता.

"माझ्या वर्गात होता," निन्के म्हणाली.

"अच्छा," मुलगी म्हणाली. "मग तुम्हीही या."

एवढंच. हलकं वाटायला हवं होतं. तो हलकं वाटायची वाट बघत तिच्या मागून चालत गेला, आणि काहीच वाटलं नाही. नुसतं आपण चालतोय हे जाणवलं, मोठ्या पायांनी, लहान मुलांच्या बाकांमधून.

मारिटच्या पोस्टरवर एक बाई होती, फिनलंडमधली, बर्फाला पाडलेल्या भोकातून पाण्यात उतरणारी, हसणारी. पाच-सहा पालक जमले. निन्के मुलीच्या अगदी समोर उभी राहिली आणि वीबे तिच्या बाजूला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. मारिटने हात मागे बांधले आणि पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. तिची हिरो बर्फाखाली पोहते. थंडीपासून वाचवणारा रबरी सूट न घालता पोहते. तिने विक्रम केला आहे. ती कोणाला घाबरत नाही. "थंड पाण्यात पडल्यावर आधी काय होतं, ते मी शोधून काढलं," मारिट म्हणाली. "आधी श्वास आवरत नाही. माणूस कुत्र्यासारखा धापा टाकतो. त्याने घाबरायचं नसतं, ते थांबतं. मग थोडा वेळ हातपाय चालतात. तेवढ्यात बाहेर यायचं. मग हात ऐकत नाहीत. माणूस जागा असतो, त्याला सगळं कळतं, दिसतं, पण बोटं मिटत नाहीत. मग त्याला उलट ऊब वाटायला लागते." ती थांबली, वर छताकडे बघून पुढचं आठवलं. "आणि कोणी दुसरं पडलं, तर आपण कधीच उडी मारायची नाही. दोरी टाकायची, किंवा शिडी आडवी करायची. उडी मारणारे जास्त मरतात. माझी हिरो म्हणते, ते शूर नसतात, ते विचार करत नाहीत."

एक बाप हसला आणि म्हणाला, "शहाणी आहे गं तुझी हिरो." मारिटही हसली. वीबेने निन्केकडे पाहिलं नाही. तिचा हात त्याच्या हाताला लागून होता, जागाच तेवढी होती, आणि तो हात काही करत नव्हता, नुसता होता, थंड.

"कोणाला काही प्रश्न?" मारिटने विचारलं. तिने सगळ्यांकडे पाहिलं, शेवटी त्याच्याकडेही. तिच्या हातात पेन्सिल नव्हती, वही नव्हती, तिला उत्तर हवं नव्हतं. तिला फक्त विचारायला शिकवलं होतं.

वीबेने तोंड उघडलं. तेवढ्यात निन्के पुढे वाकली आणि नातीच्या कपाळावरची बट मागे सारत म्हणाली, "बरोबर सांगितलंस. सगळं बरोबर." आणि तिने टाळी वाजवली. मग त्या बापाने, मग इतरांनी. वीबेही टाळ्या वाजवू लागला, आणि सगळे थांबल्यावरही थोडा वेळ वाजवत राहिला, मुलगी त्याच्याकडे बघू लागेपर्यंत.